ज्वालामुखी पुरे, पान काढा

मागच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आम्ही तिवराच्या झाडाचं रेखाचित्र छापलं. चिखल, चिखलातून वर आलेली मुळं, एक वाकडं खोड. बस्स. वळलेली मूठ नाही, तुटलेली साखळी नाही, उगवता सूर्य नाही. त्यावर पत्रं आली. काही शिव्यांची, काही प्रेमाच्या शिव्यांची. एकानं लिहिलंय, 'झाडंपानं काढायची तर दिवाळी अंक काढा, चळवळीचा कागद कशाला नासता?' दुसरा म्हणतो, 'वस्त्या जळतायत आणि तुम्ही ड्रॉइंगचे क्लास घेताय.' तिसऱ्यानं एकच ओळ खरडलीय : 'संपादक पांढरपेशे झाले.'

ही पत्रं मी जपून ठेवलीत. राग खरा आहे, आणि खऱ्या रागाला गुळमुळीत उत्तर देणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून हे संपादकीय, चार पानं खाऊन.

आधी तुमच्याच बाजूनं बोलतो. मराठी कवितेतला निसर्ग बहुतेक कुठून पाहिलेला आहे? ओसरीवरून. गच्चीवरून. हिल स्टेशनच्या हॉटेलच्या खिडकीतून. पाऊस आला की त्यांच्या घरात भजी तळली जातात. आमच्या घरात गळक्या पत्र्याखाली पातेली मांडली जातात. पाऊस तोच. त्यांच्या ओळीओळीत गुलमोहर फुलतो. हा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, समुद्रापलीकडून आलेला उपरा, पण त्याला कुणी जात विचारली नाही, लगेच अंगणात जागा दिली. आणि पाणी? नदी, तळं, झुळझुळणारा झरा हे सगळं कवितेत वाहत असताना महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला आपल्या माणसांना २० मार्च १९२७ ला मोर्चा काढावा लागला. हे ज्याला ठाऊक आहे त्याला निसर्गकविता वाचून मळमळलं तर मी त्याच्या पाठीवर हातच फिरवीन.

पण म्हणून आमच्या बापजाद्यांना निसर्ग दिसत नव्हता की काय? गावात सगळ्यात जास्त त्यांनाच दिसत होता. गावची शीव कोणत्या बाभळीपाशी वळते, कुठला दगड कुणी रातोरात सरकवला, हे महाराला पाठ. शिवेचा तंटा पेटला की त्याची साक्ष काढली जायची. साक्ष झाली की तो पुन्हा गावकुसाबाहेर. घायपाताचं पान हातात घेतलं की वाख कसा निघेल हे मांगाला कळायचं. पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, धुवायची, वाख वाळवायचा, मग दोर वळायचा. बाभळीची साल, हिरडा, तरवड, यातल्या कशानं कातडं कसं कमावलं जातं हे ढोराच्या बोटांना माहीत. दगड कुठं मारला की सरळ फुटेल हे वडाराला माहीत. हे ज्ञान कुठल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकापेक्षा कमी होतं असं मी मानायला तयार नाही.

फक्त एक गोष्ट. हे सगळं पाहणं हुकमाचं होतं. 'जा रे, बघून ये, ढोर मेलंय का.' 'जा रे, वाढलेलं गवत आण.' डोळे आपले, हुकूम त्यांचा. वेठबिगार नुसती हातांची नव्हती, डोळ्यांचीही होती. म्हणून महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितलं की मेलेली ढोरं ओढणं सोडा. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं. गेलं ते फार चांगलं झालं. त्याच्या नावानं गळा काढणारे आम्ही नाही. पण आपण शहरात आलो, हुकूम सुटला, आणि हुकमासोबत बघणंही सुटलं. आता आपल्या पोराला कुणी सांगत नाही 'जा, बघून ये.' आणि कुणी न सांगता बघायची सवय पिढ्यान्पिढ्या आपल्याला कुणी लागू दिली नव्हती.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. कागद घेऊन पानासमोर बसणं म्हणजे कुणाच्या हुकमाशिवाय जगाकडं बघणं. आपल्या घराण्यात हे काम करणारे बहुधा आपण पहिलेच असू. त्याला चैन म्हणू नका.

आता एक परीक्षा देतो. दर वर्षी १४ एप्रिलला आपल्या बॅनरवर पिंपळाचं पान असतं. कमानीवर, टोपीवर, लग्नपत्रिकेवर, मोबाईलच्या कव्हरवर. जन्मापासून बघताय. हे मासिक बाजूला ठेवा आणि आठवून पिंपळाचं पान काढा. मी आमच्या बैठकीत नऊ जणांना काढायला लावलं. नवांनी बदाम काढला. पत्त्यातला बदाम, खाली एक काडी. मग चाळीच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाची खरी पानं आणून प्रत्येकाच्या हातात दिली आणि म्हटलं, आता हे बघून काढा, अर्धा तास. दहा मिनिटांत बडबड बंद. मग एकेक जण तोंड उघडायला लागला. 'अरे, ह्याला शेपूट किती लांब आहे!' 'ह्याची शीर कडेपर्यंत जातच नाय, आधीच वळून पुढच्या शिरेला मिळते.' 'देठ बघ, पानाएवढा लांब, म्हणून तर हे जरा वाऱ्यानं सळसळतं.' एक पोरगी म्हणाली, ही शेपटी पावसाचं पाणी निथळायला असणार. बरोबर बोलली; वनस्पतिशास्त्रही असंच काही सांगतं. तिनं ते पुस्तकातून आणलं नव्हतं. पेन्सिल त्या शेपटीवरून उतरताना तिला कळलं.

हे पान त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. का? कारण 'पिंपळाचं पान' हे नाव डोक्यात तयार होतं. नाव आलं की डोळा सुट्टीवर जातो. झाड म्हटलं की एक खांब आणि वर ढग. पक्षी म्हटलं की आडवा तीनाचा आकडा. नदी म्हटलं की दोन वाकड्या रेघा. शाळेत आपल्याला हेच शिकवलं आणि दहापैकी आठ मार्क दिले. बघून काढायला बसलं की नावाचा उपयोग संपतो. ही कड किती अंशात वळते, सावली कुठं संपते, हे नाव सांगू शकत नाही. तिथं डोळ्यालाच कामावर जावं लागतं.

आता दोस्तहो, ह्या जागी जरा थांबा. नाव ऐकलं की बघणं बंद. हा रोग तुम्हाला ओळखीचा वाटत नाही? तुमचं आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदललेला तुम्ही पाहिला नाही? त्या क्षणापासून तो तुमच्याकडं बघायचा थांबतो. तुमचे हात, तुमचं हसणं, तुमचे मार्क, सगळं पुसून तिथं एक शब्द उभा राहतो. जात म्हणजे दुसरं काय? नाव वाचून माणूस न बघण्याची हजारो वर्षांची सवय. हुकूम देणारे आणि नावं ठेवणारे एकच होते. ते आपल्याला नावं ठेवत राहिले आणि जगालाही नावं ठेवत राहिले : हे पवित्र झाड, हा विटाळाचा पक्षी, ही गंगा, हा नाला. एक कावळा नीट बघून काढला म्हणून जात मोडत नाही, एवढा भोळा मी नाही. पण जो डोळा नावाच्या पलीकडं जायला शिकला, तो पुढं माणसापाशीही नावावर थांबणार नाही, एवढी माझी खात्री आहे. चळवळीला असे डोळे लागतात. आपल्याच पोटजातींची नावं बघता घरातसुद्धा लागतात.

गेलं वर्षभर आम्ही काही जण रविवारी सकाळी माहीमच्या खाडीकडं जातो. सोबत रद्दीतले पाठकोरे कागद आणि एक एक पेन्सिल. वास येतो. नाकाला रुमाल बांधतो आणि बसतो. पहिल्या दिवशी एकानं कावळा काढला, सगळा काळा, डांबरासारखा. मी म्हटलं, समोर बसलाय, बघ. तो बघत राहिला. मग म्हणाला, 'च्यायला, ह्याची मान राखाडी आहे.' चोवीस वर्षं मुंबईत राहिलेला माणूस! गावठी कावळ्याची मान राखाडी, डोमकावळा सबंध काळा, हा फरक त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यातून जाणार नाही. तिवर काढताना तर सगळ्यांचीच दांडी उडाली. झाडाची मुळं खाली जातात हे आपण पहिलीत शिकलो. ह्या झाडाची मुळं चिखलातून वर येतात, शेकडो, उभ्या पेन्सिलींसारखी. चिखलात हवा नाही म्हणून झाड मुळांची नाकं बाहेर काढून श्वास घेतं. पानाची खालची बाजू रंगवायला गेलो तर ती करडी, आणि पानाला बोट लावून चाखलं तर खारट. खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं. ज्या जागेला शहर घाण म्हणतं तिथं उभं राहून, नाक वर काढून, मीठ बाहेर फेकत जगणारं झाड. त्याच्यावर मी कविता लिहिणार नाही. ते झाड आपलं प्रतीक बनायला उभं नाही. ते जसं आहे तसं बघितलं तरी पुरे.

कुणी म्हणेल, हे सगळं परकं, चित्रकला आपल्या परंपरेत कुठंय? हलगीवाल्याला विचारा. पावसाळी हवेत हलगीचं चामडं ओलावा पितं, सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून वाजवायच्या आधी चार काटक्या पेटवून ती शेकावी लागते. थोडी जास्त शेकली तर चामडं तडकणार. हवेत आज किती ओल आहे हे वेधशाळेच्या आधी त्याच्या बोटांना कळतं. वाजवणं हेच त्याचं हवामानशास्त्र. कला माणसाला अशी निसर्गाच्या कामाला जुंपते. तुम्हाला ताल हवा असेल तर हवेकडं लक्ष द्यावंच लागतं. ती हलगी कुणाच्या वरातीपुढं हुकमानं वाजली, हा तिचा दोष नाही.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव आलं ते तिथल्या काळ्या पँथरांकडून, म्हणून तिथलं एक घर आपल्याला परकं नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा माणूस १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात गुलाम आईच्या पोटी जन्मला. तान्हा असताना लुटारूंनी आईसकट पळवला. आई पुन्हा सापडली नाही. पोराला परत आणायला एक घोडा मोजला गेला, अशी त्याची हकीकत सांगतात. त्याला लहानपणापासून रोपांचा आणि रंगांचा नाद. कॅन्ससमधल्या एका कॉलेजनं पत्रावरून प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर कातडी बघून नाकारला. नाव, कातडी, शिक्का, तोच रोग. १८९० साली तो आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजात चित्रकला शिकायला लागला. त्याच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याची फुलापानांची चित्रं पाहिली आणि ओळखलं की ह्या पोराला वनस्पती नुसत्या आवडत नाहीत, त्या त्याला दिसतात. त्यांनी त्याला शेतकी कॉलेजाकडं वळवलं. १८९१ साली तो तिथला पहिला काळा विद्यार्थी झाला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचं युका आणि निवडुंगाचं चित्र लागलं, गौरवलं गेलं. १८९६ साली तो अलाबामातल्या टस्कगीला, काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायला गेला.

तिथं त्यानं काय केलं ते बघा. पिढ्यान्पिढ्या कापूस घेऊन घेऊन जमीन मेली होती आणि ती मेलेली जमीन कसणारे बहुतेक गुलामांचे वारस, कर्जात बुडालेले. कार्व्हरनं सांगितलं, कापसाच्या जागी चवळी घ्या, भुईमूग घ्या, ही पिकं मुळांच्या गाठीतून जमिनीला नत्र देतात. १९०६ पासून तर शेतीचं ज्ञान घोडागाडीत घालून ते शेतकऱ्यांच्या दारी न्यायला सुरुवात झाली. पानांवरच्या बुरशीचा आणि रोगांचा तो जाणकार होता, आणि अलाबामाच्या मातीतून रंग काढून तो चित्रंही काढत राहिला. पानावरचा बारीकसा डाग ज्याला दिसतो त्याला रोग लवकर कळतो. तो डाग दिसायला त्याचा डोळा कुंचल्यानं तयार केला होता, असं मला वाटतं. 'वस्त्या जळतायत आणि तुम्ही चित्रं काढताय' म्हणणाऱ्या मित्रा, गुलामाच्या पोरानं काढलेल्या फुलांच्या चित्रांतून भुकेल्या शेतकऱ्यांच्या कामाचा माणूस निघाला. ह्याहून वेगळं क्रांतीचं काम तुला माहीत असेल तर सांग.

आणि अमेरिकेत तरी कशाला जायचं? १८५४ साली सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. त्यात पिवळ्या चाफ्यावर कविता आहे, जाईच्या फुलावर आहे, मातीवर आहे. शाळेत जाताना जिच्या अंगावर लोक शेण आणि चिखल फेकत होते, ती बाई घरी येऊन लुगडं बदलून चाफ्याकडं बघत होती. ज्या बालकवींना निसर्गकवी म्हणून आपल्याला शाळेत पाठ करायला लावलं, त्यांचा जन्म १८९० चा. म्हणजे त्याआधी ३६ वर्षं हे काम एका शूद्र बाईनं केलेलं होतं. निसर्ग त्यांचा आणि विद्रोह आपला, ही वाटणी कुणी केली? ज्यांनी गावाची वाटणी केली त्यांनीच. ती वाटणी आपण आपल्या तोंडानं कशाला घोकायची?

आता आपल्याच कवींकडं वळतो. कान धरा. आमच्या टपालात महिन्याला पन्नासेक कविता येतात. सूर्य असतोच. वादळ असतं. आणि ज्वालामुखी तर इतके असतात की हा कागद पेट घेत नाही हेच नवल. बाबा रे, तू ज्वालामुखी कधी बघितलास? महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी नाही. पण तू ज्या रुळाकाठी राहतोस त्या रुळाखालची काळी खडी कधी उचलून बघितलीस? तीच लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आली, थरावर थर साचली आणि थंड होऊन तिचा सह्याद्री झाला. खडी हातात घे. त्यात बारीक पोकळ्या दिसतील, लाव्हेतल्या वाफेच्या बुडबुड्यांच्या. कुठं त्या पोकळीत पांढरे स्फटिक भरलेले असतील, कुठं हिरवट माती. खरा ज्वालामुखी तुझ्या पायाखाली आहे आणि तू पुस्तकातला उसना आणतोस!

अजिंठा ह्याच दगडात कोरलंय. भिक्खूंच्या आणि कारागिरांच्या हातांनी तो दगड कोरला, त्यावर माती, भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे धागे मिसळून गिलावा दिला, वर चुना दिला आणि मग रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, काजळ, चुना. आणि हिरवा रंग ह्याच काळ्या दगडाच्या पोटातल्या हिरव्या मातीचा. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानच्या बाजूनं आलेल्या दगडाचा. ज्याला रंग हवा होता त्यानं डोंगर फिरून, दगड फोडून, त्याच्या पोटात हिरवं आहे हे शोधलं. दहाव्या लेण्यात छद्दन्त जातकातला हत्तींचा कळप आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. हत्ती नुसता मोठा प्राणी म्हणून काढलेला नाही. तो कसा सोंड वळवतो, कसा वजन टाकून उभा राहतो, हे कुणीतरी तासन्‌तास बघितलेलं आहे. करुणा करुणा म्हणून आपण भाषणं देतो. त्या चित्रात करुणेच्या आधी लक्ष देणं आहे. लक्ष दिल्याशिवाय करुणा येईल कुठून?

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी ही चार पानं खर्ची घातली. ज्याला आपला परिसर दिसत नाही, त्याच्या पायाखालून तो काढून घेतला जातो. मिठी नदीला हे शहर वर्षानुवर्षं नाला म्हणत राहिलं. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती निघते, साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी करत सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. नाला म्हटलं की काहीही करायला मोकळीक. विमानतळाशी तिला काटकोनात वळवलं. तिच्या काठची तिवरं बुजवून त्यावर काचेची ऑफिसं उभी केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, त्यात समुद्राला भरती, आणि त्या दिवशी नाल्यानं शहराला सांगितलं की मी नदी आहे. मेले कोण? पंपिंग स्टेशनच्या फायली लिहिणारे नाही मेले. काठावरचे मेले. खारफुटी तोडणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, हे मुंबई हायकोर्टानं २०१८ साली निकालात सांगितलं. तोवर किती तिवर गेलं?

आमच्यातली एक पोरगी खाडीजवळच्या नाल्याच्या काठी राहते. तिनं नाल्याची भिंत काढायला घेतली. नुसती भिंत. काढता काढता तिला दिसलं की भिंतीवर तीन पट्टे आहेत : खाली काळा, मध्ये शेवाळी हिरवा, वर कोरडा. का? दुसऱ्या वेळी गेली तर पाणी हिरव्या पट्ट्यापर्यंत, आणि उलटं वाहतंय, समुद्राकडून घराकडं. मग तिनं चित्राखाली वेळ लिहायला सुरुवात केली. दिवसातून दोनदा भरती, आणि रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की तिच्या गल्लीत पाणी का शिरतं, हे तिला कुणा इंजिनिअरनं सांगितलं नाही, तिच्या वहीनं सांगितलं. आणि पुढची गंमत ऐका. मे महिन्यात नालेसफाई झाली, असं कंत्राटदाराचा माणूस सांगून गेला. तिच्या सफाईआधीच्या चित्रात गाळात अर्धं रुतलेलं एक ट्रकचं टायर होतं. सफाईनंतरच्या चित्रात तेच टायर, त्याच जागी, तेवढंच रुतलेलं. दोन्ही चित्रं घेऊन गल्लीतल्या बाया वॉर्ड ऑफिसात गेल्या. साहेब म्हणाला, चित्र हा पुरावा नाही. बाया म्हणाल्या, मग चला, टायर दाखवतो. साहेबाला उठावं लागलं. चार दिवसांनी गाळ निघाला.

एका चित्रानं क्रांती झाली असं मी म्हणत नाही. टायर निघालं. पण जी बघत होती तिच्यामुळं निघालं.

ज्या १९२७ साली महाडला आपण तळ्याला हात लावला, त्याच १९२७ सालापासून ह्या शहराचा कचरा देवनारला पडायला लागला. त्या डोंगराच्या सावलीत कोण राहतं हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या डोंगरावर घारी कशा फिरतात, कोणत्या ऋतूत ढोरबगळ्यांच्या पांढऱ्या डोक्यावर नारिंगी छटा चढते, हे तिथं वाढलेल्या पोराइतकं कुणाला ठाऊक असणार? शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात, तेव्हा गाड्या भरून लोक दुर्बिणी घेऊन जातात. २०२२ साली ठाण्याच्या खाडीला आंतरराष्ट्रीय पाणथळ म्हणून मान्यताही मिळाली. चांगलं झालं. आता त्या गुलाबी रंगाचं काय? तो पक्ष्याच्या खाण्यातून येतो, शेवाळातून आणि चिखलातल्या जीवांतून. आणि ते शेवाळ शहराच्या सांडपाण्यावर पोसलं जातं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे ज्या गटारात उतरून आपली माणसं गुदमरून मेली, त्याच गटाराच्या पाण्यातून तो रंग येतो. हे दुर्बिणीतून दिसत नाही. हे तू काढ. हे तू लिही. तुझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

दोन आक्षेप राहिले. पहिला : मोबाईल आहे की, फोटो काढू. काढा. कॅमेऱ्याशी माझं भांडण नाही. पण फोटो काढून तुम्ही एका सेकंदात निघून जाता. बघायचं काम यंत्रावर सोपवून. अर्धा तास एका जागी उभं राहून फोटो काढणार असाल तर तीही कलाच. दुसरा : महापालिका पुलाच्या खांबांवर फुलपाखरं रंगवते, आमच्या झोपड्यांच्या भिंती गुलाबी करते, तीही कला का? नाही. ते झाकण आहे. बिल्डरच्या जाहिरातीत जी झाडं असतात ती कुठल्याच जातीची नसतात, कॉम्प्युटरात उगवतात, त्यांचं पान गळत नाही. बघितल्याशिवाय काढलेलं सगळं शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडतं, आणि तो कुणीतरी आपण नसतो.

आणि वेळ? दोन पाळ्या करणाऱ्याला वेळ कुठंय, हा प्रश्न खरा. लोकल उशिरा येते ती पंधरा मिनिटं. जेवणाच्या सुट्टीतली दहा. तिकिटाच्या मागची बाजू चालते. फुकट मिळालेला वेळ आपल्याला कुणी कधी दिला नाही; चोरूनच घ्यावा लागतो.

म्हणून पुढच्या अंकाचं आवतण. कविता पाठवा, पण त्यात एक तरी झाड, पक्षी, पाणी किंवा दगड तुम्ही स्वतः समोर बसून बघितलेला असला पाहिजे. चित्र पाठवा. रेघ वाकडी चालेल, खोटी चालणार नाही. चित्राखाली जागा, तारीख आणि वेळ लिहा. खाडीकाठचं असेल तर भरती होती की ओहोटी तेही लिहा. झाडाचं नाव माहीत नसेल तर बिनधास्त नावाशिवाय पाठवा. घरातल्या म्हातारीला विचारा, तिला ठाऊक असेल. तिनं ते हुकमानं शिकलेलं आहे. तिच्याकडून आपण ते हुकमाशिवाय शिकू.

ज्वालामुखी आला तर परत पाठवला जाईल. सोबत खडीचा एक तुकडा जोडून.